वापरायला परवानगी, वाचायला बंदी



नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांत संगणक आला तो बहुतेक एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रासोबत. नोकरीच्या अर्जाला लागते म्हणून पोरांनी फी भरली, टायपिंग शिकली, डाटा एंट्री ऑपरेटर झाली. त्यात कमीपणा नाही. पण संगणक चालवणारे आपण झालो; संगणकाला चालवणारी व्यवस्था लिहिणारे का झालो नाही?

त्या व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, तिच्या गाभ्याला कर्नल. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती, मेमरीतली जागा कोणाची, हे कर्नल ठरवतो. साधा प्रोग्राम यंत्राला थेट शिवू शकत नाही. त्याला कर्नलकडे अर्ज करावा लागतो.

हा गाभा शिकण्याचाही एक इतिहास आहे. सिडनीच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातले जॉन लायन्स १९७६ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल, जवळपास ९ हजार ओळी, भाष्यासह विद्यार्थ्यांना शिकवत. १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि एटी अँड टी कंपनीने परवान्यात अट घातली, हा कोड वर्गात शिकवायचा नाही. मग विद्यार्थ्यांनी लायन्सच्या भाष्याच्या झेरॉक्सवरून झेरॉक्स काढल्या. ते पुस्तक रीतसर प्रकाशित व्हायला १९९६ उजाडले.

वाचायला बंदी आपल्याला नवी नाही. अर्थात कंपनीचा परवाना आणि मनुस्मृती एकच, असे म्हणणे पूर्वजांच्या यातना हलक्या करणे होईल. तिथे करार मोडणे गुन्हा होता, इथे जन्मच गुन्हा होता. पण ज्ञान कोंडले की सत्ता कोंडणाऱ्याकडे राहते, हे दोन्हीकडे खरे.

त्या अटीवर उत्तर म्हणून ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठीच मिनिक्स ही नवी सिस्टिम लिहिली (१९८७). तिच्यावर शिकलेल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले. २००६ मध्ये एमआयटीने एक्सव्ही६ हा छोटा कर्नल शिकवण्यासाठी तयार केला. त्याचा कोड आज कोणीही फुकट वाचू शकतो. आपल्याच देशात कालिकतच्या एनआयटीने एक्सपीओएस उभारली.

आता आपल्याकडे वळू. १९४२ मध्ये मजूर सदस्य असताना बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना निवेदन दिले. त्यात आपल्या मुलांच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसत्या कारकुनीने सत्तेच्या गाभ्यात जाता येत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे विद्यापीठाच्या नामांतरासाठी याच नांदेड जिल्ह्यात १९७८ मध्ये पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला, १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. दारावर नाव आले. त्या दाराच्या आत काय शिकायचे, हा आपल्या पिढीचा प्रश्न आहे.

परवान्याची भिंत पडली, तरी इंग्रजीची, पैशाची, वेळेची भिंत आहेच. दिवसभर राबणाऱ्या पोराला ‘कोड फुकट आहे’ एवढे सांगून भागत नाही. म्हणून हे काम एकट्याचे नाही, विहारातल्या अभ्यासिकेचे आहे. एक जुना लॅपटॉप, क्यूईएमयू हे मोफत सॉफ्टवेअर आणि आठवड्याचे दोन तास. सुरुवात ५१२ बाइटच्या बूट सेक्टरपासून. पडद्यावर ‘जय भीम’ उमटवायला गेलात तर कळेल, यंत्राच्या मूळ अक्षरसंचात देवनागरी नाहीच. ती अक्षरे ठिपका-ठिपका जोडून आपल्यालाच काढावी लागतील.

काढूया.