लमुएल राजा कोण? : नीतिसूत्रांतील एका नामोल्लेखाची चिकित्सा

हिब्रू बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ हा ग्रंथ परंपरेने शलमोन राजाच्या नावावर असला, तरी त्याच्या एकतिसाव्या अध्यायाच्या आरंभी लमुएल नावाच्या राजाचा निर्देश येतो. इस्राएल व यहूदा या दोन्ही राज्यांच्या राजावळींत हे नाव नाही. हिब्रू बायबलमध्ये अन्यत्र त्याचा उल्लेखही नाही. या अध्यायातील पहिली नऊ वचने म्हणजे राजमातेने त्याला केलेला उपदेश होय. स्त्रीसंग व मद्य यांपासून राजाने दूर राहावे, अन्यथा त्याला न्यायाचे विस्मरण होते. ज्यांना वाचा नाही त्यांच्या वतीने त्याने बोलावे, असे ती बजावते.

यहुदी परंपरेने हा प्रश्न सोपा केला. लमुएल हे शलमोनाचेच दुसरे नाव, आणि उपदेश करणारी स्त्री म्हणजे बथशेबा, असे तिने मानले. फारोच्या कन्येशी विवाह झाल्यावर मंदिराच्या किल्ल्या उशाखाली ठेवून शलमोन उशिरापर्यंत झोपला आणि आईने त्याची कानउघाडणी केली, अशी कथा मिद्राशात येते. कथा रोचक आहे, परंतु ती संहितेतून निघालेली नसून संहितेतील अडचण दूर करण्यासाठी रचलेली दिसते. अनोळखी नाव परिचित राजाला जोडले की ग्रंथाचे एककर्तृत्व अबाधित राहते.

वादाचे खरे मूळ ‘मस्सा’ या शब्दात आहे. त्याचा एक अर्थ ‘देववाणी’ किंवा ‘भार’ असा होतो. मॅसोरेटिक पंडितांनी ‘राजा’ या शब्दावर विरामचिन्ह देऊन ‘मस्सा’ त्यापासून तोडला, म्हणजे हाच अर्थ स्वीकारला. मात्र हे विरामचिन्ह मूळ व्यंजनसंहितेनंतर कित्येक शतकांनी आले आहे. विराम बाजूस ठेवल्यास ‘मस्साचा राजा लमुएल’ असे सरळ वाचता येते. ‘राजा’ या शब्दापूर्वी निश्चयवाचक उपपद नाही, ही गोष्टही याच वाचनास अनुकूल आहे. शिवाय संदेष्ट्यांच्या ग्रंथांत ‘मस्सा’ हा शब्द बहुधा एखाद्या राष्ट्रावरील कोपाच्या घोषणेसाठी येतो. आईच्या हितोपदेशाला तो शोभत नाही.

मस्सा हे केवळ कल्पित नाव नव्हे. उत्पत्ती 25:14 मध्ये ते इश्माएलाच्या पुत्रांत आढळते. इ. स. पूर्व आठव्या शतकातील अश्शूरचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर याच्या लेखांत खंडणी देणाऱ्या अरब जमातींमध्ये तेमा व शबा यांच्यासोबत मस्साचाही निर्देश आहे. त्याच लेखांत झबीबे व सम्सी या अरब राण्याही येतात. म्हणजे उत्तर अरबस्तानात राजकुलातील स्त्रीचा शब्द राजकारणात चालत असे. इजिप्तमध्ये मेरिकारेला उपदेश करतो तो त्याचा पिता. राजमातेच्या मुखी घातलेला असा राजोपदेश प्राचीन निकटपूर्वेत अत्यंत विरळ आहे.

भाषिक पुरावा मात्र जपून वापरावा लागतो. दुसऱ्या वचनात ‘पुत्र’ या अर्थी ‘बर’ हा अरामी शब्द तीनदा येतो आणि तिसऱ्यात ‘राजे’ या शब्दाला अरामी अनेकवचनी प्रत्यय लागतो. यावरून परकी छटा सिद्ध होते, मस्साचे स्थान नव्हे. उत्तर अरबस्तानातील तेमा परिसराची जुनी बोली अरामीहून भिन्न होती.

ग्रीक सप्तति भाषांतरकारांना तर लमुएल हे विशेषनामच वाटले नाही. त्यांनी त्याचा ‘देवाकडून’ अशा अर्थाने उलगडा केला आणि ही नऊ वचने पंचविसाव्या अध्यायापूर्वी ठेवली. सद्गुणी स्त्रीचे बावीस वचनांचे वर्णानुक्रमी काव्य त्यांच्याकडे स्वतंत्रपणे ग्रंथाच्या शेवटी राहिले. तेव्हा तेही लमुएलच्या आईचेच, ही प्रचलित समजूत हिब्रू प्रतीतील शेजारावरच उभी आहे. परंपरेने बथशेबा ठरवलेल्या या स्त्रीचे नाव संहितेत कोठेही नाही. मस्सा हे वाचन ग्राह्य धरल्यास ती इस्राएलाबाहेरची स्त्री ठरते, आणि तिची नऊ वचने पवित्र ग्रंथात सामावून घेताना संकलकांनी ती परकी असल्याची खूण पुसलेली नाही.