निमाडचा वळू आणि त्याची निवड

तापीच्या उत्तर तीरावरील बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी होती व १६०१ मध्ये असीरगड पडल्यानंतर ते मुघलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. तलम कापड आणि जरीकाम यांमुळे या शहराचे नाव इतिहासात राहिले. मात्र सुरत–आग्रा मार्गावरचा त्याचा सारा व्यापार बैलांच्या बळावर चाले, याची नोंद ग्रंथकारांनी ओझरतीच घेतली. १६४१ मध्ये बुऱ्हाणपुरातून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याला अपवाद आहे. धान्य, मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांत दहा-बारा हजार बैल असत असे तो सांगतोच, शिवाय आपल्या प्रवासी गाडीच्या जोडीला सुमारे सहाशे रुपये पडले, हेही नमूद करतो. बैल घेताना शिंगे फूटभरापेक्षा लांब नसावीत, कारण माशा चावल्या की बैल मान मागे झटकतो आणि लांब शिंग आत बसलेल्याच्या पोटात घुसू शकते, असा त्याचा इशारा आहे. या बैलांना दिवसाची अर्धी मजल झाली की तूप-साखरेत मळलेल्या कणकेचे गोळे आणि संध्याकाळी भरडून भिजवलेले हरभरे मिळत, म्हणजे त्यांची बडदास्त पुष्कळ माणसांपेक्षा बरी होती.

असा बैल ज्या वळूपासून निपजे, तो वळू या भागात दोन रक्तांचा असे. तापीकाठी आणि सातपुड्याच्या उतारांवर खिल्लार जातीची तापी खिल्लार ही शाखा होती. पांढरे अंग, गाजरी रंगाचे नाक व खूर ही तिची ओळख असून, ती पाळणाऱ्या खानदेशातील व्यावसायिक पशुपालकांना ठिलारी म्हणत. उत्तरेस नर्मदेच्या खोऱ्यातील निमाडात निमाडी जात होती. ही जात गीर आणि खिल्लार यांच्या संकरातून घडली, असे पशुशास्त्रज्ञ मानतात. तांबड्या अंगावर पांढरे ठिपके आणि फुगीर कपाळ ही गीरची देणगी, तर काटक बांधा, कणखर खूर आणि तापट स्वभाव ही खिल्लारची.

धर्मशास्त्रातही वळूच्या निवडीचे निकष आहेत. मृताच्या नावाने वळू सोडण्याच्या विधीला वृषोत्सर्ग म्हणतात आणि त्यासाठी उत्तम मानलेला ‘नील’ वृषभ नावाप्रमाणे निळा नसून तांबड्या अंगाचा, फिकट तोंडा-शेपटीचा, पांढऱ्या खुरांचा व शिंगांचा असतो. निमाडी वळूशी हे वर्णन बरेच जुळते, अर्थात तेवढ्यावरून दोहोंचा संबंध जोडता येत नाही. पण व्यवहारात पुण्य स्वस्तात पदरात पाडण्याकडे कल असल्याने देवाच्या नावाने बहुधा किडमिडा गोऱ्हाच सोडला जाई. दुसरीकडे, चांगला गोऱ्हा तीन-चार वर्षांचा झाला की त्याला बडवून, म्हणजे खच्ची करून, औताला जुंपत किंवा बाजारात विकत. वळूची खरी कसोटी त्याचा बैल झालेला मुलगा हीच असल्याने उत्तम नर नांगराकडे जाई आणि गाईंच्या वाट्याला उरलेला येई. हा दोष साधा नव्हता. पिढ्यान् पिढ्या चाललेली ती उलटी निवड होती.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील अँगस परगण्यात ह्यू वॉटसन हा पशुपालक मात्र याच्या उलट वाटेने गेला. मांसासाठी पाळलेल्या काळ्या, बिनशिंगी जनावरांतील सर्वोत्तम नर तो वळू म्हणूनच राखून ठेवी. त्या जातीच्या १८६२ च्या वंशावळग्रंथात पहिला क्रमांक त्याच्या ‘ओल्ड जॉक’ला मिळाला. निमाडात मांस हा हेतूच नसल्याने त्या जातीचे अनुकरण निरर्थक ठरले असते, पण वंशावळ लिहून ठेवण्याची पद्धत येथेही तेवढीच उपयोगी पडली असती.

शाही कृषी आयोगाने १९२८ मध्ये निकृष्ट वळूंच्या मोकाट संचारावर बोट ठेवले. मुंबई इलाख्याने १९३३ मध्ये पशुसुधारणा कायदा करून, तो लागू झालेल्या भागात परवान्याशिवाय वळू बाळगण्यास मनाई केली. पण बुऱ्हाणपूर १८६४ पासून मध्य प्रांतात असल्याने तापीचे खोरे एकच असूनही तो कायदा इकडे येत नव्हता. पुढे पहिल्या पंचवार्षिक योजनेत केंद्रग्राम योजना, म्हणजे गावांच्या गटाला निवडक वळू पुरवून बाकीचे खच्ची करण्याची व्यवस्था, आली आणि त्यानंतर कृत्रिम रेतनाने वळूला गावाबाहेरच्या केंद्रात नेले.

त्या केंद्रांत वळू आईच्या दुधावरून निवडतात. दुग्धजातींसाठी हे माप योग्य आहे. ओढकामासाठी घडलेल्या निमाडीला मात्र ते अपुरे पडते, कारण दुधात ती गीरच्या बरीच मागे आहे आणि केवळ त्या मापाने निवड चालली तर निमाडातही वळू गीरचाच ठरेल.