बनगरवाडी ओस पडली, मग माणसं गेली कुठं?

परवा चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. शेजारी कंपनीची बस. आत विशी-बाविशीतली पोरं खिडकीला डोकं टेकून झोपलेली. त्यांच्याकडं बघता बघता मला 'बनगरवाडी' आठवली.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 सालची. त्याच साली आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. म्हणजे तिकडं माणदेशातली एक वाडी उजाड झाल्याची गोष्ट छापली जात होती आणि इकडं, तसल्या वाड्यांची माणसं पुढं जिथं येणार होती, ती जागा तयार होत होती.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ औंध संस्थानाचा. तरुण राजाराम मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो. पोरं मेंढरांमागं, शाळा रिकामी. हळूहळू शाळा भरते. मग मास्तर वाडीसाठी तालीम बांधायचं मनावर घेतो. लोक अंगमेहनतीनं ती उभी करतात, खुद्द राजा ती बघायला येतो. वाडीतल्या शेकूकडं एकच बैल, म्हणून औताच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको स्वतःला जुंपून घेते. आणि मग पाऊसच पडत नाही. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात. तालीम उभी राहते, पण तीत घुमायला पोरं उरत नाहीत. मास्तरही निघतो.

स्वप्नं केवढी होती बघा. एक शाळा, एक तालीम, एक जादा बैल. बस्स.

आणि औंध काही मागासलेलं संस्थान नव्हतं हो. 1910 मध्ये याच संस्थानानं जागा दिली म्हणून किर्लोस्करवाडी वसली आणि तिथं लोखंडी नांगर बनू लागले. 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं इथल्या राजानं कारभार प्रजेच्या हाती दिला. राजा चांगला, मास्तर चांगला, माणसं कष्टाळू. तरी वाडी मोडली. कारण पाणी नव्हतं आणि एक वर्ष कोरडं गेलं तर तग धरायला गाठीला काही नव्हतं. स्वप्नं मोडली की आपण माणसाला दोष देतो. ही कादंबरी तसं करू देत नाही.

कादंबरी तिथं संपते. पुढचा भाग आपल्याच घरांत घडलाय. माझे वडील 1972 च्या दुष्काळानंतर माण तालुक्यातून भोसरीला आले. त्याआधी खडी फोडली, मिलो खाल्ला. एमआयडीसी 1962 ची, त्यामुळं तोवर भोसरीत कारखाने उभे राहिले होते. वडील एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि चार वर्षांनी परमनंट झाले. त्या एका शब्दावर दोन खोल्या झाल्या, आणि मी न् माझी बहीण दहावीपर्यंत एकाच शाळेत शिकलो. शेकूचा दुसरा बैल आमच्या घरी असा आला, असं मी म्हणतो.

आता आमच्या खालच्या खोलीत मराठवाड्यातलं एक जोडपं भाड्यानं राहतं. पोरगा आयटीआय झालेला, कामाला वाघ. दोन वर्षांत तिसरी कंपनी, तीही कंत्राटावर. सात महिने झाले की ब्रेक. कधी भोसरी, कधी म्हाळुंगे, कधी रांजणगाव. पोरगी दुसरीत आहे आणि शाळाही दुसरीच. परवा तिची आई विचारत होती, "दादा, जूनमध्ये दाखला पुन्हा काढावा लागंल का हो?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बनगरवाडीची शाळा पावसानं रिकामी केली. पावसापुढं कुणाचं चालत नाही. पण या पोरीची शाळा सुटते ती कागदावरच्या एका तारखेमुळं, आणि तारीख माणूसच लिहितो. ती बदलताही येते. आपल्या पट्ट्यात आता निवडणुकीला मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे एकच विचारणार आहे: वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामाला माणूस सात महिन्यांचा का?

तुमच्या घरातलं कोण, कुठल्या वाडीतून, कुठल्या साली इथं आलं? खाली लिहा. आपल्या शहराचा खरा इतिहास तोच आहे.