सिनसिनाटीचा दूरगामी ध्वनि

नभोवाणीच्या प्रारंभींच्या काळांत अमेरिकेंतील श्रोत्याला कार्यक्रमाच्या गोडीपेक्षां अंतराची गोडी अधिक होती. आठशें मैलांवरील केंद्राचें नुसतें नांव कानीं पडलें तरी तो कृतार्थ होई व दुसरे दिवशीं शेजाऱ्यांस तें अभिमानानें सांगे. शिकागो येथील केंद्रें तर सोमवारीं रात्रीं मुद्दाम मौन पाळीत. हेतु हा, कीं गांवचा गलबला थांबून नागरिकांना परगांवचे क्षीण स्वर ऐकूं यावे. मौनाला जाहिरातदार मिळत नाहीं. त्यामुळें ही प्रथा फार दिवस टिकली नाहीं.

ओहायओ राज्यांत सिनसिनाटी येथें पॉवेल क्रॉस्ले या नांवाचा एक कारखानदार होता. १९२१ सालीं त्याच्या मुलाला श्रवणयंत्र हवें झालें. शंभर डॉलरांहून अधिक किंमत ऐकून क्रॉस्लेनें तें घेण्याचा बेत सोडला आणि स्वतःच स्वस्त यंत्रें तयार करण्यास आरंभ केला. स्वस्त यंत्राचे कान मंद असतात. तेव्हां बोलणाऱ्यानेंच आवाज चढविला पाहिजे, असा त्याचा रोकडा हिशेब होता. १९२२ सालीं निघालेल्या त्याच्या डब्ल्यू. एल. डब्ल्यू. या केंद्राची शक्ति प्रथम अवघी ५० वॅट होती. १९२८ सालीं ती ५० किलोवॅट झाली. आणि २ मे १९३४ च्या रात्रीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं वॉशिंग्टनहून कळ दाबतांच ५०० किलोवॅटांचा नवा प्रक्षेपक सुरू झाला. सिनसिनाटीच्या उत्तरेस मेसन गांवाजवळ त्याचा ८३१ फूट उंच मनोरा होता. यंत्रांतील प्रचंड नळ्या थंड राखण्यासाठीं लागणारें पाणी निववावयास शेजारीं एक तळेंच करावें लागलें. आसपासच्या घरांतील दिवे बटण बंद केल्यावरही मिणमिणत राहात, पन्हळींतून गाणें ऐकूं येई, अशा गोष्टी तिकडे अजून सांगतात. त्यांतील कांहीं वाढविलेल्या असतील. पण इतक्या प्रबळ क्षेत्रांत कुंपणाच्या तारेंतही विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें खरें.

या केंद्राची लहर दिवसां जमिनीलगत चाले आणि अंतराबरोबर क्षीण होत जाई. तिचा जो अंश आकाशांत चढे, तो चाळीस-पन्नास मैलांवरील विद्युद्भारित थर शोषून घेई. सूर्य मावळला कीं हा थर विरतो, आणि त्याहून उंचावरचे थर तीच लहर शेंकडों मैल दूर पृथ्वीवर परत पाठवितात. अशा थराचें अनुमान केनेली व हेव्हिसाइड यांनीं १९०२ सालींच केलें होतें. ॲपल्टन व बार्नेट यांनीं १९२४ सालीं बोर्नमथच्या केंद्रावरून प्रयोग करून तें सिद्ध केलें.

शक्ति दसपट केली म्हणून दूरच्या ठिकाणीं क्षेत्राची तीव्रता दसपट होत नाहीं. ती दहाच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे तिपटीहून किंचित् अधिक, वाढते. एवढ्यासाठींच का हा खटाटोप, असें कोणी म्हणेल. पण ज्या खेड्याच्या आसपास एकही केंद्र नाहीं, तेथें उन्हाळ्यांतील विजांच्या खडखडाटांतून बाजारभाव व हवामान समजणें किंवा न समजणें, हें या तिपटीवरच अवलंबून होतें. शहरवासीयांस दहा केंद्रें होतीं. शेतकऱ्यास रात्रीचें आकाश होतें.

तेंच आकाश दुसऱ्यांचेंही होतें. सिनसिनाटीचें केंद्र ७०० किलोसायकलवर बोले, तर कॅनडांतील टोरांटोचें सी. एफ. आर. बी. ६९० वर. एवढ्या निकट शेजाऱ्याची रात्रीची लहर नायगारा धबधब्याच्या परिसरांत टोरांटोच्या आवाजावर चढूं लागली. तक्रार झाली, आणि १९३४ च्या डिसेंबरांत रात्रींपुरती शक्ति पुन्हां ५० किलोवॅटांवर आणण्याची आज्ञा निघाली. तेव्हां अभियंत्यांनीं आणखी दोन मनोरे उभारून कॅनडाच्या दिशेनें लहरींनीं लहरींस मारावें अशी योजना केली. ती साधली, व १९३५ सालीं रात्रींही पूर्ण शक्ति मिळाली.

अभियंत्यांनीं टोरांटोची अडचण निवारली. व्यापाऱ्यांची त्यांना निवारतां येण्यासारखी नव्हती. एकाच केंद्रानें इतकीं राज्यें व्यापलीं, तर मोठे जाहिरातदार लहान गांवच्या केंद्रांस कशाला विचारतील? ही भीति अवास्तव नव्हती. जून १९३८ मध्यें माँटानाचे सिनेटर व्हीलर यांनीं मांडलेला ठराव सिनेटनें संमत केला: ५० किलोवॅटांहून अधिक शक्ति लोकहिताविरुद्ध आहे. ठराव म्हणजे कायदा नव्हे, तरीही त्याचें वजन पडलें. विरळ वस्तीच्या माँटानांतील कित्येक शेतकरी स्वतःच दूरच्या केंद्रांवर विसंबून होते, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे. त्यांची बाजू मांडणारे थोडे होते. लहान केंद्रांचे मालक मात्र संघटित होते.

१ मार्च १९३९ पासून नित्याचें प्रक्षेपण ५० किलोवॅटांवर आलें. मोठा प्रक्षेपक डब्ल्यू. ८ एक्स. ओ. या प्रायोगिक नांवानें मध्यरात्रीनंतर १९४२ च्या अखेरीपर्यंत चालू राहिला. दूरचीं केंद्रें शोधीत जागणाऱ्या श्रोत्यांनाच तो मुख्यतः ऐकूं येई. मेसनचा मनोरा आजही उभा आहे. तेथून ७०० किलोसायकलवर ५० किलोवॅटांचें प्रक्षेपण होतें, आणि हिवाळ्यांतील दीर्घ रात्रीं तें अनेक राज्यांत ऐकूं येतें.