जखमेतली वीज

आपल्या फ्रँकफर्टच्या मुख्य दफनभूमीत सॅम्युएल थॉमस फॉन झ्योमरिंग या डॉक्टरची कबर आहे. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या त्यानं 1778 मध्ये लावून दिल्या, आणि 1809 मध्ये विजेवर चालणारं तारयंत्रही केलं. पण शरीरातली वीज मोजली ती पुढे बर्लिनच्या एमिल दु ब्वा-रेमाँनं. 1840 च्या दशकात त्यानं स्वतःच्याच बोटाला जखम केली आणि तिच्यातून वाहणारा प्रवाह मोजला: साधारण एक मायक्रोअँपिअर!

कातडीच्या पेशी सोडियमचे भारित कण आत ओढतात, त्यामुळे आतबाहेर विजेचा दाब असतो. कातडी फाटली की तिथे गळती होते, आणि कडेच्या पेशी त्या विजेच्या रोखानं जखमेकडे सरकतात. प्रयोगशाळेत बेडकाच्या मज्जातंतूंचे कोंबही ऋण ध्रुवाकडे वळलेले दिसलेत.

पण मज्जातंतूतला संदेश विजेचा असतो हेही त्याच माणसानं दाखवलं. सगळे तिकडे धावले, जखमेची वीज मागे पडली. पेशींना ही दिशा कळण्यामागची जनुकं ॲबर्डीनच्या संशोधकांनी मांडली ती थेट 2006 मध्ये.

दवाखान्यात हा उपचार अजून नेहमीचा नाही. तेव्हा पोराचा गुडघा फुटला तर धुवा, पट्टी बांधा. घरी बॅटरीचे प्रयोग नकोत!