लिस म्हणजे अंगण

आयर्लंडच्या कुरणांत मधूनच एक मोठं गोल रिंगण लागतं. कडेने मातीचा बांध, बांधाबाहेर बुजत आलेला चर, वर हॉथॉर्नची काटेरी झाडं. इंग्रजीत त्याला रिंगफोर्ट म्हटलं गेलं, आणि त्या नावाने फार दिशाभूल केली. हा किल्ला नव्हे, शेतकऱ्याचा वाडा. आयरिश शब्द अधिक खरे आहेत: बांध तो रॅथ, बांधाच्या आतलं अंगण ते लिस. रचीव दगडांचा असला तर कॅशेल किंवा कॅहर. रॅथमाइन्स, लिस्टोल, कॅहरसिव्हीन ही गावांची नावं तिथूनच आली.

यातले बहुतेक वाडे इ. स. ६०० ते ९०० या काळातले. व्यास साधारण ३० मीटर. नाणं चलनात नव्हतं, किंमत गायींत मोजत. सुखवस्तू शेतकरी म्हणजे ‘बो-आरे’. त्यातला ‘बो’ म्हणजे गाय. तो आणि आपला ‘गो’ एकाच मुळातले. दुसऱ्याची गुरं पळवणं हा तरुण सरदारांचा पराक्रम मानला जाई. फौज अडवण्याइतका हा बांध भक्कम नव्हता, पण गुरंचोर आणि लांडगा यांना पुरेसा होता. शिवाय बांध ही प्रतिष्ठाही होती. इ. स. ७०० च्या सुमाराचा ‘क्रीह गावलाख’ हा कायदेग्रंथ सांगतो की, राजाच्या घराभोवतीचा बांध त्याच्या आश्रितांनी घालून द्यायचा.

अँट्रिममधल्या डिअर पार्क फार्म्सच्या उत्खननात १९८० च्या दशकात अशा वाड्यातली घरं ओल्या मातीत टिकलेली सापडली. गोल घर, हेझलच्या फोकांचा टोपलीसारखा विणलेला कुड, तोही दुहेरी, मधल्या पोकळीत ऊब राहावी म्हणून भरलेलं गवत. दाराची चौकट ओकची. तिच्या लाकडातली वर्तुळं मोजल्यावर साल निघालं ६४८.

वस्ती उठली, बांधणारे विसरले गेले, आणि अंगणात ‘शी’ राहायला आले, म्हणजे परीलोकांतले. तिथलं झाड तोडलं तर घरावर संकट येतं, गुरं दगावतात. १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकून लिहिलेल्या वह्यांत अशा कितीतरी गोष्टी आहेत. माझ्या मते या वास्तूंचा पहिला आणि सगळ्यांत निष्ठावान रखवालदार ही भीतीच. बेटावर आजवर सुमारे ४५,००० लिस नोंदली गेली, त्याचं मोठं श्रेय तिचं.

मग ट्रॅक्टर आणि बुलडोझर आले, भीती ओसरली, शेकडो बांध सपाट झाले. स्वतंत्र आयर्लंडने १९३० मध्येच राष्ट्रीय स्मारक कायदा केला होता. १९९४ च्या दुरुस्तीने नोंद असलेल्या जागेला हात लावण्यापूर्वी दोन महिने लेखी कळवणं सक्तीचं केलं.

सपाट केलेलं लिससुद्धा पुरतं जात नाही. जुन्या चरात ओल टिकते. कोरड्या उन्हाळ्यात तेवढंच पीक हिरवं राहतं आणि विमानातून ते वर्तुळ पुन्हा दिसतं.