होम सायन्स: मागच्या दाराने आलेलं रसायनशास्त्र

या वेळचा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून ठेवतोय. बोलण्याच्या ओघातलं थोडं इकडंतिकडं केलंय, बाकी तेच.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या एका मुलीची व्हॉइस नोट आली होती. बारावी सायन्स झालंय, न्यूट्रिशनमध्ये डिग्री करायची आहे. घरचे म्हणतात, "भाकरी करायचं शिकायला चार वर्षं कशाला घालायलीस? ते तर माय शिकवंल." तिने मला विचारलं, की दादा, यात खरंच सायन्स असतं का?

मी पडलो कोड लिहिणारा माणूस. करिअरचा सल्ला देणं माझं काम नाही. पण या प्रश्नामागे एक इतिहास आहे, आणि तो मला सांगता येईल.

आधी जरा लांब जाऊ, अमेरिकेत. एलेन रिचर्ड्स ही एमआयटीत शिकलेली पहिली बाई. १८७३ साली तिने तिथून रसायनशास्त्राची पदवी घेतली. पाणी आणि अन्न तपासण्यात तिचा हात धरणारे कमी होते. पण त्या काळात रसायनाच्या प्रयोगशाळेत बाईला जागा देणार कोण? मग तिने आणि तिच्यासारख्या काहींनी वेगळी वाट काढली. स्वयंपाकघर, स्वच्छता, आहार हेच विज्ञानाचे विषय आहेत असं म्हणत १८९९ पासून त्यांनी परिषदा भरवल्या, आणि त्यातून 'होम इकॉनॉमिक्स' उभं राहिलं. पुढचं दार बंद होतं म्हणून त्या मागच्या दाराने आत आल्या. दारावर पाटी मात्र 'घर' अशीच लागली.

आपल्याकडे ती पाटी आधीच तयार होती. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढलं, ते जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून. शिकवायचं मातृभाषेत आणि विषय बाईच्या आयुष्याशी जोडलेले, अशी कल्पना. पदवीचं नावसुद्धा भारी होतं, 'गृहीतागमा'. हेच पुढे एसएनडीटी झालं. कर्व्यांनी दार उघडलं यात वाद नाही. पण मुलींचं शिक्षण म्हणजे घराशी संबंधित शिक्षण, ही समजूतही त्यातून पक्की झाली, असं मला वाटतं. तुम्हाला पटत नसेल तर मेसेज करा, भांडू.

आता ज्या बाईसाठी मी हा भाग केला, तिच्याकडे येतो. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. दुर्गाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकांमुळे माहीत असतात, कमलाबाई मात्र बहुतेकांना गुगलने डूडल केल्यावर कळल्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झाल्या आणि बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. वडील आणि काका दोघंही तिथलेच रसायनशास्त्रज्ञ. तरी संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. होय, तेच नोबेलवाले रामन. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, गाइड म्हणतील तेव्हा रात्रीही काम करावं लागेल, आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडवायचं नाही. ती तिसरी अट दोनदा वाचा.

तिथे त्यांनी अभ्यास केला तो दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचा. तिथून केंब्रिज. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. आमच्या बीटेकच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तेवढी पानं तर नुसत्या स्क्रीनशॉटची असायची.

परत आल्यावर दिल्ली, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, मग मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेवर काम केलं, आणि आपल्या रोजच्या खाण्यातल्या 'ट्रिप्सिन इनहिबिटर'वरही. सोप्या भाषेत सांगायचं तर कच्च्या कडधान्यांत असा एक घटक असतो, जो आपल्या पोटातल्या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमलाच अडवून धरतो. नीट शिजवलं की त्याचा जोर बराचसा जातो. म्हणजे वाल भिजवा, मोड आणा, चांगले शिजू द्या, असं आजी सांगते तेव्हा ती बायोकेमिस्ट्रीच सांगत असते. फक्त आजीला 'का' विचारलं तर ती म्हणेल, पोटात दुखतं म्हणून. डिग्री त्या 'का'साठी असते.

आता गाडी आपल्या भागात आणू. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ पासून तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. बीड १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं. तेव्हा या शास्त्रज्ञांच्या दारात जो पेशंट यायचा, त्याचं ताट आपल्यासारखंच होतं. ज्वारीची भाकरी.

दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा दिसायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी, म्हणजे हात, पाय, मान, काळी पडून भेगाळते. जुलाब लागतात, पुढे माणूस भ्रमिष्टासारखा होतो. अमेरिकेत हा मका खाणाऱ्यांचा आजार म्हणून माहीत होता, कारण मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही. पण ज्वारीत तशी अडचण नव्हती. मग बिघाड कुठे? डीबगिंग करणाऱ्याला हा भाग आवडेल. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, की ज्वारीत ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल जरुरीपेक्षा जास्त असतं आणि त्यामुळे शरीराचं नायसिनचं गणित बिघडतं. यावर पुढे बराच वाद झाला, सगळ्यांना ते पटलं नाही. पण जगातल्या मोठ्या मासिकात आपल्या भाकरीवर भांडण चाललं होतं, हे मला कुठल्याच पुस्तकात शिकवलं नाही.

ज्वारी वाईट, असा अर्थ कुणी काढू नका. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत ३४९ किलोकॅलरी आणि १०.४ ग्रॅम प्रथिनं आहेत. तिच्यात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. म्हणून भाकरी-पिठलं ही जोडी जमते. अडचण येते ती ताटातून पिठलं गेल्यावर. दुष्काळात पहिल्यांदा जातं ते डाळ, भाजी, दूध. भाकरी शेवटपर्यंत राहते, आणि मग एकटीच राहते.

१९७२ ला तीही राहिली नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते 'बहात्तरचा दुष्काळ' एवढंच म्हणतील आणि मग दोन शब्द येतील: मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, सुकडी म्हणजे कामावर मिळणारं भाजलेल्या पिठाचं गोड खाणं. खडी फोडायला, पाझर तलाव खणायला माणसं जात होती. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख लोक होते. एवढ्या माणसांना काय आणि किती खायला द्यायचं, हा प्रश्न स्वयंपाकाचा नव्हे, पोषणशास्त्राचा आहे.

योगायोग बघा, त्याच १९७२ च्या १८ मे रोजी परभणीला मराठवाड्याचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. पुढे तिथे गृहविज्ञान महाविद्यालय आलं. म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, पाटी तीच जुनी. आत मात्र बायोकेमिस्ट्री, शरीरक्रियाशास्त्र, अन्नातले सूक्ष्मजीव, आजारानुसार आहार, आणि गावात जाऊन करायचं काम. याच विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण आणलं, २०१८ मध्ये. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. गोपालन ज्या भाकरीचा हिशोब मांडत होते, तिच्यातच सुधारणा.

नोकरीचं विचाराल तर एक गोष्ट सांगतो. बरीच वर्षं या देशात कुणीही स्वतःला 'डाएटिशियन' म्हणवून घेऊ शकत होतं, इन्स्टाग्रामवर तर अजूनही म्हणवतात. २०२१ मध्ये आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा आला, त्यात पोषणतज्ज्ञ आहेत. अंमलबजावणीचा वेग आपल्या सरकारी वेगाने.

आणि काम नाही असं निदान बीडमध्ये तरी कुणी म्हणू नये. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात, लेकरं गाडीत बसून बरोबर जातात. गावातल्या अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्यावर त्या लेकराची रेघ तिथेच थांबते आणि पाडव्याच्या आसपास परत सुरू होते. मधले महिने फडावर त्याने काय खाल्लं, वजन किती घटलं, हे त्या तक्त्यावरून कळत नाही. पहाटे तोडायला निघणाऱ्या बाईच्या अंगात रक्त किती, हेही नाही.

ज्या ताईने विचारलं होतं, तिला मी व्हॉइस नोटमध्ये कळवलंय, इथे बाकीच्यांसाठी: फॉर्म भरताना 'होम सायन्स' शोधत बसू नका, सापडणार नाही. कृषी विद्यापीठांत आता त्याचं नाव 'कम्युनिटी सायन्स' झालंय. चार वर्षं, आठ सेमिस्टर. मुलांनाही प्रवेश असतो, हे आमच्या मित्रांनी कान उघडे ठेवून ऐकावं.

पुढच्या भागात मिलो खाल्लेल्या पिढीच्या आठवणी घ्यायचा विचार आहे. घरातल्या आजी-आजोबांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, दोन मिनिटांच्या आत. फॅन बंद करून, प्लीज.